घट

कोल्हापुरात राहून चप्पल घालायची नाही,
हा पहिला नियम.
बंद बूट, सुती एप्रन, केस बांधलेले.
हुपरीहून सकाळच्या एसटीनं आलेल्या मला
बाबालाल मामांनी दारातच थांबवलं, पायांकडं बघत:
"अंगठा दिसतोय की गं पोरी.
ॲसिड काय नाव इचारून पडत न्हाई."
मी विश्वजाच्या खोलीवरून
एक नंबर मोठे बूट घेऊन आले
आणि वर्षभर तेच घातले.

नलवडे मॅडम फळ्यावर फारसं लिहीत नसत.
टेबलाशी येऊन हळू आवाजात सांगत:
वास घ्यायचा तर नाक पुढं नेऊ नका,
हातानं वारा घालून वासाला बोलवा.
परीक्षानळीचं तोंड भिंतीकडं, माणसाकडं नाही.
चिठ्ठी नसलेल्या बाटलीत काहीही असू शकतं.
सिंकमध्ये ओतू नका, पंचगंगा लांब नाही.
आणि वहीत पेननंच लिहायचं.
चुकलं तर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे.

हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.
खाडाखोड झाली की पान फाडणारी मुलगी मी.

त्या गुरुवारी ॲसिटानिलाइड केलं.
दोन मिली ॲनिलीन, जुन्या तेलासारखं तपकिरी.
ढवळता ढवळता त्याचा पांढरा गोळा झाला
आणि मी उगाच इकडंतिकडं बघितलं,
कुणी पाहिलं का म्हणून.
उकळत्या पाण्यात विरघळवलं, गरम असतानाच गाळायला घेतलं.
फनेल मात्र गार होतं.
बरंचसं तिथंच गोठलं, कागदाच्या चुणीत.
खाली उतरलं ते फ्लास्कात ढिम्म,
दहा मिनिटं, वीस मिनिटं, नुसतं पाणी.
"कांडीनं आतनं खरवड जरा,"
बाबालाल मामा ब्युरेट पुसता पुसता म्हणाले,
"त्येला धरायला कायतरी लागतं."
खरवडलं.
आणि पाण्यातून चकाकते पत्रे उतरायला लागले,
घरी अण्णांच्या कानशीखाली
चांदीचा कीस पडतो तसे.

वाळवून वजन: एक पूर्णांक त्र्याऐंशी.
यायला हवं होतं दोन पूर्णांक शहाण्णव.
बासष्ट टक्के.
वितळणांक एकशे चौदा पाहिजे,
माझं एकशे नऊलाच घामेजलं,
एकशे अकराला पाणी.
शेजारच्या सगळ्या वह्यांत ऐंशीच्या पुढं.
"ब्याऐंशी लिही," विश्वजा म्हणाली, "कोण मोजतंय?"
मी ब्याऐंशी लिहिलं. एकशे चौदाही लिहिलं.
अक्षर छान आलं होतं.

रात्री अण्णा पैंजणांचा जोड तोलत बसले होते.
"आज काय केलंस?"
ॲसिटानिलाइड त्यांना कळलं नाही.
"बरं, किती टाकलं? किती आलं?"
मी खरे आकडे सांगितले. का, कोण जाणे.
"मग ऱ्हायलेलं कुठं गेलं?"
माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी काटा खाली ठेवला.
"म्हाईत न्हाई म्हंजे? घट लिवायची असती.
भट्टीत किती, कानशीत किती, पॉलिशला किती.
झारेकरी वर्साला येऊन आपल्या जमिनीची धूळ
पैसं मोजून नेतो, ती काय उगं?
माझ्याकडं घट येतच न्हाई म्हणणाऱ्याला
आमी काम देत न्हाई.
त्येनं कायतरी मिसळलेलं असतंय."
आणि जोड पुन्हा तोलायला घेतला.

पुढच्या गुरुवारी, तास सुरू व्हायच्या आधी,
मी ब्याऐंशीवर एक आडवी रेघ मारली.
एकशे चौदावर दुसरी.
दोन्ही आकडे खालून स्पष्ट वाचता येत होते,
माझ्याच छान अक्षरात.
वर लिहिलं: बासष्ट. एकशे नऊ ते एकशे अकरा, बहुधा ओलसर.
आणि खाली, मॅडमनी न सांगितलेला एक रकाना आखला:
घट.
चुणीत. मातृद्रवात. कांडीला.
थोडं माझ्या डाव्या बाहीवर, ते घरी दिसलं.

मॅडमनी दोनदा वाचलं, सही केली.
दहापैकी सात.
शेजारी लाल शाईत:
फनेल आधी गरम करून घ्यावे.